आधी कुंकू, मग पिशवी

कुवेतहून आम्ही परत आलो त्या आठवड्यात ठाण्यातल्या आमच्या कोपरीच्या खोलीत इतके स्वेटर जमले की ढीग पलंगाच्या वर गेला. भाद्रपदाचा उकाडा, पंखा आपला कुंथत फिरतोय, आणि दारात एकेक भली बाई स्वेटर घेऊन उभी. लढाईतून पळालेली माणसं थंडीनं कुडकुडत असतात असं कुणीतरी टीव्हीवर पाहिलेलं असणार. आम्ही वाळवंटातून आलो होतो. माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या नाकाचं आणि कानांचं कातडं उन्हानं सोलवटून निघालं होतं. तिच्या पुढ्यात लोकरीची माकडटोपी ठेवून एक शेजारीण म्हणाली, "घाल गं बाळा, लाजू नको." मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घाल. तिनं घातली आणि शेजारीण चहा पिऊन जाईपर्यंत काढली नाही.

मदत घेण्याची मला तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण असल्या आठवणी लिहिणाऱ्यांना स्वाभिमानाचा फार सोस असतो. उपाशी राहिलो पण हात पसरला नाही, वगैरे. मी पसरला. पोर उपाशी असताना ताठ बसून राहायला मला जमत नाही. लोकांनी दिलेले तांदूळ आम्ही शिजवून खाल्ले, स्टोव्ह वापरला, स्वेटरसुद्धा पुढे माळ्यावरच्या गादीत भरले. माझं भांडण मदतीशी नव्हतंच. मदत देता देता लोक तुमच्याबद्दल मनातल्या मनात जे ठरवून टाकतात, त्याच्याशी होतं.

नव्वद सालचा ऑगस्ट. माझा नवरा कुवेतमध्ये एसी दुरुस्त करायचा. चार वर्षं आम्ही तिघं तिथं होतो. इराकी सैन्य शहरात शिरलं आणि बघता बघता दुकानं लुटली गेली, पाणी गेलं, बँका बंद. नवऱ्याचा पासपोर्ट मालकाकडे जमा असायचा, तिकडची रीतच होती तशी, आणि मालक पहिल्याच दिवशी बायकापोरांना गाडीत घालून सरहद्दीपार निघून गेलेला. माझा नि मुलीचा पासपोर्ट घरात होता. बसमध्ये जागा मिळायची ती पासपोर्टवाल्यांना, त्यातही बायकामुलांना आधी. ड्रायव्हरला दिनार नको होते, त्यांचे नुसते कागद झाले होते. त्यानं माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं. माझी बोटं चालेनात, तेव्हा नवऱ्यानंच मागून मंगळसूत्राचा फासा सोडवला. "तुम्ही व्हा पुढे, मी मागच्या बसनं येतो," तो म्हणाला, दादरला जाऊन येतो म्हणावं तसं. मागच्या बसनं तो आला नाही. त्याच्या मागच्याही बसनं आला नाही. आम्ही दोघी बगदाद, मग जॉर्डनच्या वाळवंटातला तंबू, मग अम्मानहून विमान, असं करत सहार विमानतळावर उतरलो. तिथून टॅक्सीनं कोपरीला, सासूबाईंच्या दोन खोल्यांत.

सासूबाईंनी दार उघडलं तेव्हा आधी त्यांनी माझ्यामागे पाहिलं, जिन्यात. मग माझ्या उघड्या गळ्याकडे पाहिलं. नातीला पाणी दिलं, चपला पायात सरकवल्या आणि खाली गेल्या. परत आल्या त्या काळ्या मण्यांची पोत घेऊन. माझ्या मागे उभं राहून ती बांधली आणि मग म्हणाल्या, "आता बस. आता सांग काय झालं."

त्या स्वतः विधवा होत्या. माझा नवरा नुकता चालायला लागला होता तेव्हा सासरे गेले. वागळे इस्टेटीतल्या एका कंपनीत औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावून त्यांनी मुलगा वाढवला. रूढीशी त्यांचं भांडण मी कधी पाहिलं नव्हतं. चाळीत हळदीकुंकू असलं की त्या आत बसून डाळ वाटायच्या, पन्हं ढवळायच्या. बाहेरून हाक आली तरी उंबऱ्याच्या अलीकडून भांडं पुढे करायच्या. गल्लीच्या नवरात्रात मंडळाचा प्रसाद दरवर्षी त्याच करत. काळ्या वाटाण्यांची उसळ त्यांच्यासारखी कुणाला जमत नसे. पण ओटी भरायची वेळ झाली की त्या मांडवामागच्या चुलीपाशी असायच्या. मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला वाईट नाही वाटत? म्हणाल्या, "सवय झाली गो."

सुरुवातीला गल्लीला आमच्याकडे सोनं असल्याचा संशय होता. आखातातून आलेले म्हणजे कुठं ना कुठं बिस्किटं लपवलेली असणारच. एका काकूंनी मुलीच्या फ्रॉकची शिवण चाचपून पाहिली, वर म्हणतात, "कापड छान आहे हं." मला त्याचं हसू यायचं. असता एखादा तुकडा तर मी आधी पोटभर मासे आणले असते.

मग हळूहळू इतर कुटुंबं परत यायला लागली. वर्तकनगरचा एक इलेक्ट्रिशियन आला, डोंबिवलीचे दोघे भाऊ आले. ज्या त्या घरी पेढे वाटले गेले. आमच्याकडे पेढे नव्हते, तसे आमच्याशी बोलणारे आवाज खाली यायला लागले. आधी लोक "काही कळलं का?" असं मला विचारायचे. नंतर मुलगी खेळायला गेली की तिला विचारू लागले. आणि एक दिवस कळलं की कल्याणच्या कुणा परत आलेल्या माणसानं म्हणे सांगितलं, ठाण्याचा एक एसी मेकॅनिक सरहद्दीवर उन्हानं गेला.

ते ऐकल्यावर सासूबाई स्टोव्ह बंद करून उठल्या. "चल," म्हणाल्या. त्या माणसाचं घर शोधत आम्ही दोघी कल्याणला गेलो. तो बिचारा स्वतःच तापानं फणफणला होता, गोधडी घेऊन पडलेला. त्यानं जे सांगितलं ते एवढंच: सरहद्दीवरच्या रांगेत एक माणूस चक्कर येऊन पडलेला त्यानं पाहिला. त्याला उचलून नेलं. तो गेला की राहिला ते ठाऊक नाही. कोण होता ते ठाऊक नाही. "मुंबई साइडचा आहे असं कोणतरी बोललं, बस्स. आई, मी गेला असं नाय बोललो," तो परत परत सांगत होता. माझ्या नवऱ्याचा फोटो दाखवला. "नाय सांगता येणार. तिकडे सगळ्यांचे चेहरे सारखेच झालेले." त्याच्या बायकोनं आम्हाला जेवायला घालूनच पाठवलं.

पराचा कावळा होतो म्हणतात, इथं एका घेरीचं प्रेत झालं होतं. आम्ही परत येऊन गल्लीत घराघरांत सांगितलं की असं काही नाही. लोक "हो का? बरं झालं बाई" म्हणायचे आणि आमच्या पाठीकडे बघत राहायचे. मेल्याची बातमी धावत जाते. तिच्या मागून "तसं नाही हो" सांगत फिरणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही.

नवरात्र आलं. मंडळाच्या बायकांनी ठरवलं की कुवेतहून आलेल्या कुटुंबांना एका संध्याकाळी देवीसमोर मदत द्यायची. महिला विभागाच्या अध्यक्षबाई हे सगळं बघत होत्या, आणि त्यांच्याबद्दल वाईट बोलले तर मला पाप लागेल. बाई कोपरीपासून वर्तकनगर, पार डोंबिवलीपर्यंत दारोदार फिरल्या होत्या. आमच्या घरी स्टोव्ह त्यांनीच आणला होता, तोही स्वतःच्या डोक्यावरून, कारण रिक्षावाला गल्लीत यायला तयार नव्हता. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं. होती ती फक्त भीती, आणि ती भीती मला भोवणार होती.

त्या संध्याकाळी आम्हा पाच-सहा कुटुंबांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. माइकवरून "युद्धामुळं विस्थापित झालेले आपले बंधू-भगिनी" असं चाललं होतं. नगरसेवक आले होते, फोटोग्राफर होता. स्टेजवर एका बाजूला पिशव्या रचलेल्या: तांदूळ, तूरडाळ, साखर, चहा, एक ताट-वाटी आणि एक साडी. पद्धत अशी ठेवली होती की घरातल्या बाईला वर बोलवायचं, मंडळाच्या दोघी तिला हळदीकुंकू लावणार, हिरव्या बांगड्या देणार, ओटी भरणार, आणि मग नगरसेवक पिशवी देणार. मला कल्पना आवडली होती. नुसती पिशवी हातात कोंबण्यापेक्षा हे बरं. ओटी भरली की बाई माहेरवाशीण होते, भिकारीण राहत नाही.

इलेक्ट्रिशियनची बायको गेली. डोंबिवलीच्या दोन्ही जावा गेल्या. कुंकू, बांगड्या, नारळ, खण, तांदूळ, पिशवी, फोटो. खाली टाळ्या. मग माझं नाव पुकारलं. मी वर गेले. करंडा हातात धरलेली बाई होती तिथंच होती, पण तिनं मान वळवून देवीच्या समईची वात सारखी करायला घेतली. दुसरी ओटीचं तबक घेऊन दोन पावलं मागे सरकली. नगरसेवकांनी थेट पिशवी माझ्यापुढं केली. पिशवीच्या तोंडाशी घडी घातलेली साडी दिसत होती. बाकीच्यांना मिळालेल्या सगळ्या लाल, हिरव्या, मोरपंखी होत्या. ही पांढुरकी, बारीक निळ्या ठिपक्यांची. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली केला होता.

मला समजायला वेळ लागला नाही. त्यांनी ठरवून टाकलं होतं. आधी बसून, चहा पीत, हळू आवाजात, अगदी माझ्याच काळजीनं ठरवलं असणार. माझ्या नवऱ्याला त्यांनी त्या बैठकीत मारून टाकलं होतं आणि साडीही निवडली होती.

मी पिशवी घेतली नाही. हात खाली ठेवले. नगरसेवक "घ्या, ताई, घ्या" म्हणाले. त्यांना पुढं आणखी कुठं जायचं असणार.

मी म्हटलं, "आधी कुंकू, मग पिशवी."

माइक नगरसेवकांच्या हातात होता, त्यामुळं ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. अध्यक्षबाई लगबगीनं पुढं आल्या, माझ्या दंडाला धरलं आणि कानाशी म्हणाल्या, "अहो, तुमच्या भल्यासाठीच. जरा थांबू या. बातमी पक्की होऊ दे. देवीसमोर ओटी भरली आणि उद्या उलटंसुलटं कळलं, तर ते किती अशुभ होईल. आपणच मानानं बोलावून भरू की नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"तसं नाही हो..."

"माझा नवरा जिवंत आहे की नाही हे मंडळानं ठरवायचं का? मला पिशवी हवी आहे. घरात तांदूळ नाहीत. पण या सगळ्यांना जशी दिली तशी द्या. नाहीतर माइकवर सांगा, की ही मदत विधवेला म्हणून दिली."

माझा आवाज चढला होता. करंडेवाली ओटीवालीकडं बघत होती, ओटीवाली अध्यक्षबाईंकडं. तिघींपैकी कुणाला माझ्याविषयी राग नव्हता. एकीच्या डोळ्यांत तर पाणी होतं. पण हात पुढं करायला कुणी धजत नव्हती, कारण पहिला हात जिचा, दोष तिच्यावर येणार. खाली मुलगी खुर्चीवर उभी राहून बघत होती. खाली उतरावं आणि तिला घेऊन घरी जावं, असं एकदा मनात येऊन गेलं. पण उतरले असते तर उद्यापासून सगळी गल्ली मला तशीच वागवणार होती, आणि मुलीला बापाचं जिवंतपणी सुतक लागणार होतं.

तेवढ्यात मांडवामागचा पडदा सरकला आणि सासूबाई बाहेर आल्या. हाताला उसळीचा मसाला, पदर कमरेला खोचलेला. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ त्या बाईपाशी गेल्या आणि तिच्या हातातला करंडा काढून घेतला.

"आजी," अध्यक्षबाई दचकून म्हणाल्या, "आजी, तुम्ही कसं... तुमच्या हातानं..."

"माझ्याच हातानं," सासूबाई म्हणाल्या. "मुलगा माझा आहे. त्याचं बरंवाईट मला आधी कळायला नको? तुम्हाला कुणी कळवलं?"

त्यांनी मसाल्याचा हात लुगड्याला पुसला, बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या कपाळाला लावलं. जरा जास्तच लागलं, नाकावर सांडलं. हळद लावली. मग तबक ओढलं आणि माझ्या पदरात खण, नारळ, तांदूळ घातले. बांगड्या भरताना मात्र त्यांचे हात अडखळले. इतक्या वर्षांत कुणाच्या हातात भरल्या नव्हत्या, मापाचा अंदाज राहिला नव्हता. एक पिचली. त्यांनी ती बाजूला ठेवली, दुसरी घेतली. मागं चुलीवर उसळ रटरटत होती.

मग त्यांनी पिशवीतली पांढुरकी साडी उचलली, उलगडून पाहिली आणि काखेत मारली. "ही मला होईल. पोत चांगला आहे," त्या अध्यक्षबाईंना म्हणाल्या. "हिला त्या गठ्ठ्यातली हिरवी द्या." अध्यक्षबाईंनी मुकाट्यानं हिरवी काढून दिली. नगरसेवकांनी पिशवी दिली, मी घेतली. फोटो मात्र कुणी काढला नाही, आणि ते मला आजपर्यंत खटकतं. सासूबाई परत पडद्यामागं गेल्या, कारण उसळ लागत होती.

माझा नवरा दिवाळी उलटून गेल्यावर परत आला. निम्मा झाला होता, दाढी वाढलेली, पायात दोन वेगळ्या चपला. मालकाच्या गोदामात इतर कामगारांबरोबर लपून राहिला होता, मग भारताच्या वकिलातीतून कागद मिळाला आणि निघाला. आला हे महत्त्वाचं. पण त्यानंतर गल्लीनं जे केलं त्याचा मला नवरात्रातल्या त्या संध्याकाळपेक्षा जास्त राग आहे. लोकांनी त्याचा चमत्कार करून टाकला. देवीनं कौल दिला, सतीसारखं कुंकू मागितलं म्हणून नवरा आला, वगैरे. अध्यक्षबाई पेढे घेऊन आल्या, माझ्या पाया पडायला लागल्या. पुढं नव्वदच्या दशकात कितीतरी हळदीकुंकवांत मला ही गोष्ट माझ्याच तोंडावर कुणी ना कुणी सांगितली आहे, आणि दरवेळी मी ती मध्येच तोडली आहे. त्यांचं म्हणणं असं, की मी जिंकले कारण नवरा जिवंत निघाला. म्हणजे तो नसता आला तर मंडळ बरोबर होतं. तर मग ती पांढुरकी साडी बरोबर होती.

असं नाही, हे मला ज्यांच्याकडून कळलं त्यांना कुणीच काही विचारलं नाही. मी विचारलं होतं, दुसऱ्याच दिवशी सकाळी, चाळीच्या नळावर. सासूबाई हंडा लावून बसल्या होत्या आणि मी भरलेल्या बादल्या वर नेत होते. कालचा सगळा राग ओसरून आता नुसती भीती राहिली होती. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी म्हटलं, "आई, काल तुम्ही एवढं छातीठोक बोललात. तुम्हाला काही कळलंय का? की आतून वाटतंय?"

"मला कुठून कळणार?"

"मग एवढी खात्री कशाची?"

"खात्री कसली गो. असेल, नसेल. रोज त्याच्या नावानं दिवा लावते नि रोज घाबरते."

मी बादली खाली ठेवली. मला त्यांचा भयंकर राग आला. "म्हणजे काल तुम्ही उगाच सगळ्यांसमोर... आणि नसला तर?"

"नसता तरी लावलंच असतं," त्या म्हणाल्या. नळाची धार बारीक झाली होती, त्यांनी हंडा जरा तिरका केला. "माझा नवरा गेला तेव्हा बायका आल्या घरी. कपाळ पुसलं, बांगड्या फोडल्या. चांगल्या होत्या गो त्या सगळ्या, शेजारच्याच. पुढं महिनाभर त्यांनीच आम्हाला जेवण पुरवलं. मी आपणहून हात पुढं केला नि त्यांना फोडू दिल्या. मला वाटत होतं, कुणीतरी थांबा म्हणेल. शेवटच्या बांगडीपर्यंत वाटत होतं. माझी सासू तिथंच उभी होती."